खान्देश दोन दिवसांत ‘कव्हर’ होत नाही : एका क्रूझरवाल्याच्या सूचना

मागच्या श्रावणात पुण्याहून एका गिऱ्हाइकाचा फोन आला. फोन ठेवल्यावर त्यांनी मोबाइलवर यादीही पाठवली. पहिला दिवस : मनुदेवी, उनपदेव, तोरणमाळ. दुसरा दिवस : पाल, पाटणादेवी, पद्मालय, आणि रात्री साडेआठच्या गाडीला जळगाव स्टेशनवर सोडणे. खाली विचारलं होतं, ‘भाऊ, आरामात होईल ना?’ मी कागद घेऊन बेरीज केली. सातशे किलोमीटरच्या वर गेली. मी कळवलं, ‘होईल, पण गाडीतून उतरायचं नाही.’ त्यांना वाटलं मी भाडं वाढवायला बघतोय.

मी चोपड्याचा. एकोणीस वर्षं झाली गाडी चालवतोय. आधी चोपडा-यावल काळी-पिवळी होती, मग क्रूझर घेतली. वऱ्हाडं नेली, जाऊळाला नेली, मनुदेवीला नैवेद्य घेऊन जाणारी घरंच्या घरं नेली. गेल्या काही वर्षांत नवीन गिऱ्हाईक सुरू झालं. त्यांना देव चालतो, पण त्यांना धबधबा हवा असतो, पक्षी हवे असतात, शेतात बसून भरीत खायचं असतं, डोंगरावर एक रात्र काढायची असते. जागा जुन्याच, मागणी नवी. आणि या मंडळींची जी फजिती होते ती बहुतेक वेळा घरूनच ठरवून आणलेली असते. म्हणून हे लिहितोय.

आधी फणी समजून घ्या

खान्देशाच्या उत्तरेला सातपुडा पूर्व-पश्चिम पसरलेला आहे आणि त्याच्या पायथ्याने बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता जातो. रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा ही गावं याच रस्त्याला ओळीने लागतात. पश्चिमेकडे तोंड करून निघालात की उजव्या हाताला डोंगर, डाव्या हाताला कुठेतरी तापी. हा रस्ता म्हणजे फणीचा कणा. त्यातून फाटे फुटतात आणि वर डोंगरात जातात, ते फणीचे दात. एक दात पालला जातो, एक मनुदेवीला, एक उनपदेवला, एक तोरणमाळला.

आता मोबाइलच्या नकाशावर दोन दातांची टोकं जवळजवळ दिसतात. पण एका दाताच्या टोकावरून दुसऱ्याच्या टोकावर उडी मारता येत नाही. खाली कण्यावर यावं लागतं, कण्याने पुढे जावं लागतं, मग पुन्हा वर. वर गेलेला फाटा तीस किलोमीटरचा असेल तर परत यायला तेच तीस. यादी करणाऱ्यांचा हिशोब इथेच चुकतो.

दक्षिणेचं प्रकरण वेगळं. चाळीसगावच्या बाजूला सातमाळा-अजिंठ्याची रांग आहे, पाटणादेवी तिथे. सातपुड्याशी तिचा रस्त्याने काही संबंध नाही, मध्ये अख्खा खान्देश आहे.

तेव्हा पहिली सूचना ही की एका खेपेला फणीचा एकच दात धरा. तोरणमाळ धरलंत तर दोन दिवस त्यालाच द्या. पाल धरलंत तर एक मुक्काम. मनुदेवी आणि उनपदेव शेजारचे दात आहेत, ते एका दिवसात जोडून होतात. पाटणादेवी चाळीसगाव स्टेशनला उतरून एका दिवसात होते. पुढच्या वर्षी पुन्हा या, आम्ही इथेच आहोत.

कधी यायचं

जूनमध्ये येऊ नका. शहरात पहिला पाऊस पडला की लोकांचे फोन सुरू होतात. इकडे तेव्हा पेरण्यांची गडबड, डोंगर तपकिरी, धबधब्याच्या जागी ओला दगड, आणि उकाडा असा की सदरा अंगाला चिकटतो. धबधबे खरे सुरू होतात जुलै अर्धा गेल्यावर. ऑगस्टमध्ये भरात असतात, पण तेव्हाच नालेही भरात असतात.

मला विचाराल तर गणपती उठल्यापासून दसऱ्यापर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले. पाणी असतं, पण गढूळ नसतं. गवत कमरेइतकं, रस्ते सुकलेले. फक्त नवरात्राचे नऊ दिवस मनुदेवी आणि पाटणादेवी टाळा, किंवा दर्शनालाच म्हणून जा. तेव्हा निसर्ग बघायला गेलात तर माणसांच्या पाठी बघून याल.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी पक्ष्यांचा आणि भरिताचा हंगाम. फेब्रुवारीअखेर पळस पेटतो आणि मोहाच्या झाडाखाली बाया पहाटेपासून फुलं वेचताना दिसू लागतात. एप्रिल-मे मध्ये भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. त्या दिवसांत मी भाडं घेतो, पण सकाळी सहाला निघायचं आणि अकराला सावलीत, या अटीवर. तोरणमाळ तेव्हा खालच्यापेक्षा थंड असतं हे खरं. रस्त्यात अंजनाच्या झाडांना तांबूस पालवी फुटलेली असते, ती बघण्यासारखी. पण धबधबा विचारू नका.

मनुदेवी आणि उनपदेव : फरशीचं गणित

मनुदेवी यावल तालुक्यात, आडगावकडून आत. खान्देशातल्या कितीतरी घरांची ती कुलदेवी. देवळाच्या मागेच उंच कडा आणि पावसाळ्यात त्यावरून पडणारं पाणी. शेवटचा रस्ता जंगलातून आणि नाल्यातून जातो. नाल्यांवर मोठे पूल नाहीत, फरश्या आहेत. फरशी म्हणजे नाल्याच्या तळाशी सिमेंटचा पट्टा, पाणी वरून वाहतं.

खान्देशात पावसाळी सहल करायची तर एवढी एक गोष्ट शिकून घ्या. तुमच्या डोक्यावर पाऊस नसला तरी वर सातपुड्यात पडलेला असतो. निळ्या आभाळाखाली नाला येतो. खळखळ आधी ऐकू येते, मग पाण्याचा रंग बदलतो, पालापाचोळा आणि काटक्या वाहून येतात. हे दिसलं की फरशीच्या अलीकडे थांबायचं. चाकाच्या अर्ध्यापर्यंत पाणी असेल तर गाडी घालायची नाही. गाडी जड आहे म्हणून निघेल, हा समज चुकीचा आहे. पाणी गाडीला आधी हलकं करतं आणि मग ढकलतं.

पाच वर्षांपूर्वी मी स्वतः घालणार होतो. मागे बारा माणसं, त्यात दोघांची संध्याकाळची रेल्वे. फरशीच्या अलीकडे एक म्हातारा बकऱ्या घेऊन बसला होता. तो उठलाही नाही, बसल्या जागेवरून म्हणाला, ‘आते नका जाऊ भाऊ, नाल्याले पूर येल शे.’ मला तर पाणी गुडघाभरच दिसत होतं. गिऱ्हाईक म्हणे चला, म्हातारा म्हणे थांबा. मी गाडी बंद केली. दहा मिनिटांत एक अख्खं वाळलेलं सागाचं खोड फरशीवरून आडवं गेलं. दोन तासांनी पाणी उतरलं. त्या दोघांची रेल्वे गेली, आणि ते माझ्यावर चिडले ते अजून चिडलेले आहेत. बकऱ्यावाल्याचं ऐका. त्याच्याइतका हवामानाचा अंदाज कुणाच्या मोबाइलमध्ये नाही.

उनपदेव चोपडा तालुक्यात, अडावदपासून जवळ. गरम पाण्याचा झरा, गोमुखातून बाराही महिने पडणारा. रामायणातल्या शरभंग ऋषींची कथा या जागेशी जोडलेली आहे. थंडीतल्या पहाटे इथे यावं. पाण्यावर वाफ असते, मागे डोंगर, आणि अंघोळ करून बाहेर आल्यावर टपरीवरचा चहा. साबण लावू नका. बायकांसाठी सोय कशी आहे ते तिथे पोहोचल्यावर आधी बघून घ्या, मग कपडे काढून ठेवायचं ठरवा. गर्दीच्या दिवशी घरच्या बाया संकोचतात आणि नुसत्याच बसून राहतात, हे मी पाहिलंय.

आणि एक इशारा. शहादा तालुक्यातही उनपदेव नावाचाच गरम पाण्याचा झरा आहे. नाशिकची एक मंडळी स्वतःच्या गाडीने आली, मोबाइलवर नुसतं ‘उनपदेव’ टाकलं आणि मी इकडे अडावदला त्यांची वाट बघत उभा असताना ते शहाद्याच्या पुढे पोहोचले. मध्ये शंभरावर किलोमीटर. म्हणून खान्देशात पत्ता विचारताना गावाबरोबर तालुका सांगायचाच. इकडे एकाच नावाची गावं, देव आणि धरणं रगड आहेत.

तोरणमाळ : सावकाश

हे माझं लाडकं ठिकाण, त्यामुळे जरा लांबण लागेल.

तोरणमाळ नंदुरबार जिल्ह्यात, अक्राणी तालुक्यात, उंची साधारण साडेअकराशे मीटर. रेल्वेने येत असाल तर सुरत-भुसावळ मार्गावर दोंडाईचा किंवा नंदुरबारला उतरा. दोंडाईचाकडून येताना सारंगखेड्याला तापी ओलांडावी लागते. दत्तजयंतीला तिथे घोड्यांचा बाजार भरतो. तेव्हा आलात तर पुलावर गाड्या अडकतात, पण दोन तास घोडे बघण्यात घालवले तर वाया गेले म्हणता येणार नाही. मग शहादा. शहाद्यात तीन कामं करायची. टाकी फुल करायची, खिशात रोख ठेवायची आणि घरी फोन करून सांगायचं की आता उद्यापर्यंत फोन लागेलच असं नाही. वर रेंज येते-जाते. ऑनलाइन पैसे देण्याच्या भरवशावर वर गेलेल्या माणसाला मी माझ्या खिशातून जेवू घातलं आहे.

शहाद्यापासून म्हसावद, पुढे राणीपूर, तिथून जंगल आणि चढ. शहादा ते तोरणमाळ पंचावन्नएक किलोमीटर, पण दोन तास धरा. शेवटी सातपायरी घाट लागतो. एकावर एक सात पायऱ्या रचाव्यात तसा रस्ता वर चढतो, वरून पाहिलं की खालची वळणं एकाखाली एक दिसतात. स्वतः गाडी चालवणार असाल तर ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्यांच्या चाकांचा वास मला मागून येतो. घाटाच्या मध्येच फोटोसाठी थांबू नका, वर गेल्यावर बघायला जागा आहे. आणि ज्यांना गाडी लागते त्यांनी म्हसावदला भजी खाऊ नयेत. हे मी दर खेपेला सांगतो, दर खेपेला भजी खाल्ली जातात.

वर पोहोचल्यावर लोक लगेच ‘पॉइंट’ विचारतात. पॉइंट आहेत. सीताखाई आहे, खडकी पॉइंट आहे, मच्छिंद्रनाथांची गुहा आहे, कमळांचं तळं आहे. पण पहिलं काम जेवण सांगण्याचं. इथे तयार जेवण मांडून ठेवलेलं नसतं. तुम्ही सांगितल्यावर चूल पेटते, पीठ मळलं जातं, कोंबडी सांगितली असेल तर ती अजून अंगणात फिरत असते. दीड-दोन तास लागतात. तर पोहोचल्या पोहोचल्या माणसं मोजून जेवण सांगा आणि मग यशवंत तलावावर जा. परत याल तेव्हा भाकरी तव्यावर असेल.

तलाव मोठा आहे, डोंगरमाथ्यावर एवढं पाणी बघून नवीन माणूस गप्प होतो. संध्याकाळी काठाने चालत जा. गाडी काठाला नेऊ नका, स्पीकर तर नकोच. पाण्यावर आवाज लांब जातो आणि पलीकडच्या पाड्यावर लोक दमून आलेले असतात.

सीताखाई पावसाळ्यात सकाळी बघायची असा लोकांचा आग्रह असतो. गेलं की समोर पांढरा पडदा. धुकं. दरी नाही, धबधबा नाही, फक्त पाण्याचा आवाज. मग सगळे वळून गाडीत बसतात. थांबा. अर्धा तास, कधी तास. वारा फिरला की पडदा फाटतो आणि दोन मिनिटं सगळी खाई तळापर्यंत दिसते, मग पुन्हा मिटते. ती दोन मिनिटं बघायला मी एकोणीस वर्षांत शंभर वेळा तरी उभा राहिलो असेन. मात्र कड्याच्या टोकाचं गवत ओलं असतं आणि त्याखाली दगड निसरडा. फोटो काढणाऱ्याने ‘अजून एक पाऊल मागे’ म्हटलं की त्याचं ऐकायचं नाही.

मुक्काम बुकिंग करूनच ठेवा, विशेषतः शनिवार-रविवारी. महाशिवरात्रीला गोरखनाथाची मोठी यात्रा असते, तेव्हा खोलीचा विचारही करू नका. मी तर म्हणेन सोमवार-मंगळवार गाठा. घाट मोकळा, जेवण निवांत. स्वेटर आणा, पावसाळ्यातही. आणि अंधार पडल्यावर घाट उतरायचा नाही, कितीही घाई असो. धुक्यात दिवे लावले की समोर भिंत उभी राहते.

इथले लोक पावरा आणि भिल्ल. घरं कुडाची, अंगण सारवलेलं. कुणाच्या अंगणात पाय ठेवण्याआधी हाक मारा. लेकरांना चॉकलेटं वाटत फिरू नका. त्याने ती गाड्यांमागे धावायला शिकतात आणि घाटात ते धोक्याचं आहे. काही द्यायचंच असेल तर विकत घ्या. उन्हाळ्यात या भागात घरोघर कैऱ्यांच्या फोडी उन्हात वाळत असतात, त्याचा आमचूर होतो. व्यापाऱ्याला जातो त्यापेक्षा दोन पैसे जास्त देऊन घरातूनच घ्या. माझी बायको वर्षभराचा तिथूनच भरते.

अक्राणी-अक्कलकुव्याकडच्या होळीबद्दलही लोक हल्ली विचारतात. काठी गावची राजवाडी होळी नावाजलेली आहे. उंच बांबू उभा करतात, रात्रभर ढोल, मोरपिसांचे टोप आणि कमरेला घुंगरं बांधलेले बुध्या नाचतात, आणि होळी पेटते पहाटे. त्या नाचणाऱ्यांनी नवस म्हणून व्रत धरलेलं असतं, ती पाहुण्यांसाठीची करमणूक नव्हे. तोंडावर कॅमेरा धरू नका, विचारा, बाजूला उभे राहा. रात्रभर जागायची तयारी असेल तरच जा. मध्येच झोप आली म्हणून गाडी काढून द्या म्हणाल, तर तेव्हा गर्दीतून गाडी निघत नसते. धनत्रयोदशीला सुरू होणारी अस्तंब्याची यात्रा मात्र मी सहल म्हणून कुणाला सांगत नाही. ती रात्रीची कठीण चढाई आहे आणि अश्वत्थाम्यावर श्रद्धा असलेल्यांची आहे.

पाल, केळी आणि भरीत

पालला जायचं तर सावद्याहून खिरोदा आणि मग वर. फैजपूर वाटेतच आहे. १९३६ सालचं काँग्रेसचं अधिवेशन, खेड्यात भरलेलं पहिलं, ते याच फैजपूरला. पाल हे यावल अभयारण्याच्या अंगाला, सुकी नदीच्या खोऱ्यात. अभयारण्य पावणेदोनशे चौरस किलोमीटरचं, साग आणि अंजनाचं. वाघ बघायला येऊ नका. इथे बघायचं ते जंगल. सकाळी सातच्या आत निघालात तर मोर, भेकर, नशीब असेल तर अस्वलाने उकरलेलं वारूळ दिसेल. आत जायच्या वेळा, गाडीचा नियम, फी हे वनखात्याच्या नाक्यावर विचारून घ्या, मोसमाप्रमाणे बदलतं. गारबर्डीच्या धरणावर संध्याकाळ छान जाते.

पण पालच्या खेपेतली खरी मजा खाली, रावेर-यावलच्या काळ्या मातीत. इथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. बागेत शिरल्याबरोबर चार-पाच अंशांनी गार वाटतं, खाली ओल आणि वर पानांचं छत. मालकाला विचारून शिरा. ठिबकच्या नळ्यांवर पाय देऊ नका आणि घड ओढून फोटो काढू नका. घडावर ओरखडा आला की व्यापारी भाव पाडतो.

हिवाळ्यात आलात तर भरीत पार्टी ठरवा. हे आता पाहुण्यांसाठी बरेच शेतकरी करतात, माझे मेहुणेही करतात. आदल्या दिवशी सांगावं लागतं. वांगं हिरवं-पांढरं, मोठं, बामणोदच्या बाजूचं नावाजलेलं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. वांगी कपाशीच्या पऱ्हाट्यांवर, म्हणजे वाळक्या काड्यांवर भाजायची, गॅसवर नाही. भाजताना गप्पा मारायच्या, पण पलटणाऱ्याने नाही. मग सोलून लाकडाच्या भांड्यात ठेचायची, हिरवी मिरची आणि लसूण तेलात, शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या. कळणा म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेलं पीठ. पाहुण्यांनी भाजण्यात आणि ठेचण्यात हात लावावा, तिथेच बांधावर बसावं. मिरची कमी घाला असं आधीच सांगा, नंतर सांगून उपयोग नसतो. आणि भरीत खाल्ल्यावर लगेच घाटाचा रस्ता ठेवू नका. माझ्या गाडीच्या मागच्या सीटला हे कळलं आहे.

याच मोसमात भुसावळपलीकडे हतनूर धरणाच्या फुगवट्यावर परदेशी पाखरं उतरतात. सकाळी सूर्य पाठीशी ठेवून उभे राहा. चक्रवाक, थापट्या बदकं, शेकाटे, नदीवरचे सुरय सहज दिसतात. दुर्बीण नसेल तर येऊ नका असं म्हणणार नाही, पण नुसत्या डोळ्यांना ठिपके दिसतील. भडक कपडे नकोत. जवळच तापी-पूर्णेचा संगम आणि चांगदेवांचं जुनं दगडी देऊळ आहे. दहा वाजेपर्यंत पक्षी, मग देऊळ, मग मुक्ताईचं दर्शन, दुपारी गाडी परत.

पाटणादेवी : रेल्वेने येणाऱ्यांसाठी

ज्यांच्याकडे एकच दिवस आहे आणि जे मुंबई-नाशिककडून रेल्वेने येतात त्यांना मी पाटणादेवी सांगतो. चाळीसगावपासून अठराएक किलोमीटर. गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचा भाग, १९८६ साली जाहीर झालेला. नाक्यावर नोंद आणि फी. प्लॅस्टिकच्या बाटल्या मोजून आत न्या, मोजून बाहेर आणा.

आत चंडिकेचं देऊळ, भोवती घोड्याच्या नालेसारखा वळलेला डोंगर. थोडं अलीकडे झाडीत महादेवाचं कोरीव देऊळ आहे, तिकडे बहुतेक जण फिरकतच नाहीत. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला, त्याचा १२०७ सालचा शिलालेख पाटण्याला सापडला. (हा चांगदेव वेगळा, मुक्ताईचा चांगदेव वेगळा. मला हे एका शिक्षक गिऱ्हाइकाने समजावलं, तोवर मी दहा वर्षं पाहुण्यांना एकच सांगत होतो.) गणित आवडणारं पोर बरोबर असेल तर त्याला तिथे पाच मिनिटं उभं करा.

पावसाळ्यात वर केदारकुंड आणि धवलतीर्थाचं पाणी. दगड शेवाळलेले असतात, चपला घालून जाऊ नका, मागे पट्टा असलेले बूट घाला. पितळखोऱ्याची लेणी याच डोंगरात आहेत, फार जुनी, ख्रिस्तपूर्व काळातली बौद्ध लेणी. पाटणादेवीहून डोंगर चढून जाता येतं, पण माहीतगार माणूस घेतल्याशिवाय नाही. लेण्यांजवळ आग्या मोहोळ असतं. अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा नको. पोळं दिसलं की तिथूनच परत. गाडीने लेण्यांना जायचं तर कन्नडच्या बाजूने घाट चढून जावं लागतं, तो वेगळा दिवस.

आणि या भागात पावसाच्या बातम्या बघून निघा. २०२१च्या ऑगस्टअखेर एका रात्रीत कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि चाळीसगाव तालुक्यातल्या नद्या गावांत शिरल्या. त्या दिवशी माझं तिकडचं भाडं होतं. गिऱ्हाइकाने पहाटे चारला फोन करून रद्द केलं म्हणून मी चिडलो होतो, सकाळी बातम्या बघितल्यावर त्याला पुन्हा फोन लावला.

परतीच्या गाडीला वेळ असेल तर चाळीसगाव स्टेशनजवळ छायाचित्रकार केकी मूस यांचं कलादालन आहे. जंगलाचा चिखल पायरीवर झाडून आत जा.

फोन करण्याआधी

माझ्यासारख्या कुणालाही गाडी सांगताना माणसं किती, त्यात साठीपुढचे किती, गुडघे कुणाचे दुखतात, गाडी कुणाला लागते, हे आधी सांगा. ‘दहा जण’ म्हणून तेरा येऊ नका. वर लहान पोरं धरून सोळा होतात. भाडं किलोमीटरवर की दिवसावर, ड्रायव्हरचं जेवण आणि मुक्काम कुणाकडे, घाटासाठी वेगळं काही का, हे निघण्याआधी बोलून टाका. गाडी दारात आली की स्टेपनी बघा. लाज वाटू देऊ नका, चांगला ड्रायव्हर चिडत नाही. टायर गुळगुळीत दिसला तर पावसाळ्यात ती गाडी परत पाठवा, माझी असली तरी.

बरोबर पाण्याचा मोठा जार, टॉर्च, दोरी, लिंबू, जुना पेपर आणि दोन कोरडे टॉवेल ठेवा. जंगलात ढाब्याच्या भरवशावर राहू नका, कण्यावरच्या गावात खाऊन वर चढा. शेव-भाजी तिखट असते, ‘मीडियम’ म्हटलं तरी तिखटच येते.

आणि क्रूझरमध्ये मागच्या आडव्या सीटवर घाटात सगळ्यात जास्त धक्के बसतात. तिथे कोण बसणार ते घरीच ठरवून या. सातपायरीच्या तिसऱ्या वळणावर जागा बदलायला मी गाडी थांबवत नाही.